डुकरिणीचे गर्भाशय आणि मोजणीचा प्रश्न

तत्त्वज्ञानवाल्यांनी डुकरिणीच्या वेतावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण एका वेताला पिल्ले किती, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटललाही पडला होता. डुकरिणीला वीसपर्यंत पिल्ले होतात, पण फार झाली तर ती सगळी जगवू शकत नाही, असे त्याने नोंदवले आहे. खुरटे पिल्लू आईच्या पोटातच खुरटते, हेही त्याने ओळखले होते.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी हिशेब सोपा मांडला. बीजांडे वाढवा, पिल्ले वाढतील! अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून जास्त बीजांडे सोडणाऱ्या माद्या पिढ्यानपिढ्या निवडल्या गेल्या. बीजांडे तीनांहून अधिक वाढली. पिल्लू मात्र जेमतेम एक. मग बाकीची गेली कुठे?

उत्तर गर्भाशयात होते. त्याच्या दोन लांब नळ्या असतात, त्यांना शिंगे म्हणतात. बाराव्या दिवसाच्या आसपास इवलासा गोल भ्रूण सुतासारखा लांबतो आणि आपली जागा धरतो. त्याच जागेवर पुढे वार पसरते. डुकरिणीची वार गर्भाशयात खोल रुजत नाही, नुसती अस्तराला चिकटून राहते. म्हणजे काय, तर जागा कमी पडली की पोषण कमी पडते.

हे तपासायला एक बीजकोश आणि एक शिंग काढून टाकले गेले. उरलेला बीजकोश जवळजवळ दोघांची बीजांडे सोडतो, पण घर अर्धेच. तिथे पहिला महिनाभर गर्भ बरेचसे टिकतात. खरी गळती त्यानंतर, जागेची गरज वाढते तेव्हा. गर्भाशयाची क्षमता म्हणतात ती हीच.

पण क्षमता म्हणजे निव्वळ लांबी नव्हे. चीनमधल्या मेइशान जातीची वार लहान, पण रक्तवाहिन्यांनी दाट. त्यामुळे तेवढ्याच जागेत तिची जास्त पिल्ले मावतात.

आता खरा पेच बघा. डेन्मार्कने १९९०च्या दशकात वेतातल्या एकूण पिल्लांवर निवड केली. पिल्ले वाढली, तशी मरणारीही वाढली. २००४मध्ये त्यांनी मापच बदलले: पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्ले मोजायची. गर्भाशय तेच, डुकरीण तीच. बदलला तो आपला प्रश्न.

आपण क्षमतेला निसर्गाची भिंत समजतो. ती भिंत आहेच. पण तिच्यावर डोके आपटायला किती जीव पाठवायचे, हे आपण काय मोजतो त्यावर ठरते. जन्मलेले मोजायचे की जगलेले? अ‍ॅरिस्टॉटलने दोन्ही मोजले होते. आपल्याला मधली काही वर्षे त्यातला एकच आकडा पुरेसा वाटला.