लंबकापूर्वीचे आणि लंबकानंतरचे घड्याळ

यांत्रिक घड्याळ म्हटले की दातेरी चक्रांची गुंतागुंत डोळ्यांपुढे येते. परंतु इतिहासक्रम पाहिला तर चक्रे हा घड्याळाचा सर्वांत जुना आणि त्यामानाने सोपा भाग ठरतो. ग्रीसजवळच्या समुद्रात 1901 मध्ये हाती लागलेल्या अँटिकिथेरा यंत्रात काशाची 30 दंतचक्रे आढळतात आणि ते यंत्र ख्रिस्तपूर्व काळातले आहे. तरीही यांत्रिक घड्याळ युरोपात अवतरले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस. मधल्या दीड हजार वर्षांत उणीव होती ती चक्रे फिरवण्याच्या नव्हे, तर त्यांना ठरावीक अंतराने अडवून पुन्हा सोडण्याच्या युक्तीची.

दोराला बांधलेले वजन दंडगोलावरून खाली उतरू लागले की दंडगोल फिरतो; मात्र त्याला आवर घातला नाही तर वजनाचा वेग वाढतच जातो आणि ते काही क्षणांत जमिनीवर आदळते. हा आवर घालणाऱ्या रचनेला ‘एस्केपमेंट’ म्हणतात. तिच्या सर्वांत जुन्या प्रकारात शेवटचे चक्र मुकुटासारखे असते, म्हणजे त्याचे दात कडेला न राहता एका बाजूस वर आलेले असतात, आणि त्याच्यासमोरच्या उभ्या दांड्यावर एकमेकींशी साधारण काटकोन करणारी दोन पाती बसवलेली असतात. मुकुटचक्राचा दात वरच्या पात्याला ढकलून निसटतो तोच समोरच्या बाजूचा दात खालच्या पात्यावर येऊन अडतो. दांडा उलट फिरू लागतो आणि हाच खेळ पुन्हा सुरू होतो. दोन्ही बाजूंचे दात असे आळीपाळीने लागावेत म्हणून चक्राला दात विषम संख्येचे ठेवावे लागत. उभ्या दांड्याच्या माथ्यावर ‘फोलिओट’ नावाचा आडवा दांडा असे. त्याच्या टोकांना टांगलेली लहान वजने बाहेर सरकवली की घड्याळ मंद चाले, आत घेतली की जलद.

इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथेड्रलचे घडीव लोखंडाचे घड्याळ याच जातीचे असून ते 1386 च्या सुमाराचे मानले जाते. त्याला तबकडीही नाही आणि काटेही नाहीत. तासाचे टोले देणे एवढेच त्याचे काम. अशी घड्याळे दिवसाकाठी पाव तासाची चूक सहज करीत, आणि त्याचा दोष कारागिरांना देणे अन्यायाचे होईल. फोलिओटला स्वतःची अशी ठरावीक लय नसते. वंगण थंडीने घट्ट झाले किंवा दातांवर धूळ बसली, की चक्रांकडून येणारा रेटा बदले आणि त्याबरोबर वेळही बदले.

ही लय लंबकाने दिली. लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एकदा जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, मुख्यतः त्याच्या लांबीवर अवलंबून असतो, हे गॅलिलिओच्या ध्यानात आले होते. पण लंबकाचे चालते घड्याळ सिद्ध केले ते डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने, 1656 च्या अखेरीस. दिवसाची चूक त्यामुळे मिनिटाच्या आत आली आणि मिनिटकाटा लावण्याला प्रथमच अर्थ आला. एक अडचण मात्र शिल्लक होती. जुन्या पात्यांना सुटण्यासाठी लंबकाने 80 ते 100 अंशांचा झोका घ्यावा लागे, आणि एवढ्या मोठ्या झोक्यात आवर्तकाल झोक्याच्या विस्तारानुसार बदलतो. हायगेन्सने त्यावर गणिती तोड काढली, तर 1670 च्या आसपास इंग्लंडमध्ये प्रचारात आलेल्या, जहाजाच्या नांगराच्या आकाराच्या एस्केपमेंटने मूळ कारणच दूर केले. रॉबर्ट हूक आणि विल्यम क्लेमंट यांच्यापैकी तिचे श्रेय कोणाचे, हा वाद जुना आहे. या रचनेत काही अंशांचाच झोका पुरतो. साहजिकच सुमारे 994 मिलिमीटर लांबीचा, प्रत्येक झोक्याला एक सेकंद घेणारा लंबक अरुंद लाकडी पेटीत मावू लागला.

चक्रांचे गणित येथे लख्ख दिसते. नांगराखालच्या चक्राला 30 दात असले आणि एकेक दात सुटण्यास दोन झोके लागले, तर ते चक्र बरोबर मिनिटाला एक फेरा पुरा करते. सेकंदकाटा त्याच्याच आसावर बसतो. मिनिटकाट्याचे चक्र तासाला एकदाच फिरायला हवे, म्हणजे दोहोंमध्ये साठपटीचा फरक हवा. 64 दातांचे चक्र आठ दातांच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दंतचक्राला, आठपट वेगाने फिरवते; त्याच आसावरचे 60 दातांचे चक्र पुढच्या आठ दातांच्या पिनियनला साडेसातपट फिरवते, आणि आठ गुणिले साडेसात म्हणजे साठ. ओझे उचलणाऱ्या यंत्रात चक्रे वेग घटवून जोर वाढवतात. घड्याळात नेमके उलट घडते, म्हणूनच कित्येक किलो वजनातून शेवटच्या दातापाशी हलकासा धक्का तेवढा उरतो आणि पिनियनच्या दातांवरील थोडासा ओरखडाही घड्याळ बंद पाडू शकतो.

मनोऱ्यावरच्या घड्याळांना आणखी एक जाच होता: उघड्यावरच्या लांब काट्यांवर वारा व बर्फ यांचा दाब पडे आणि तो चक्रांतून थेट लंबकापर्यंत पोहोचे. 1859 मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर घड्याळासाठी एडमंड बेकेट डेनिसन याने यावर उपाय योजला. त्याच्या रचनेत चक्रे लंबकाला स्पर्श करीत नाहीत; ती दोन लहान भुजा आळीपाळीने ठरावीक उंचीपर्यंत उचलतात, आणि त्या भुजा स्वतःच्या वजनाने खाली येताना लंबकाला दरवेळी सारखाच धक्का देतात. या घड्याळाची वेळ जुळवण्यासाठी लंबकावर जुन्या पेनीची नाणी ठेवण्याचा प्रघात पडला. एक नाणे ठेवले की लंबकाचा गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो आणि घड्याळ दिवसाला सुमारे 0.4 सेकंद पुढे जाते.