कानांतली गाज

सिंधुदुर्गासमोर मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना समुद्राची गाज निराळी अशी ऐकूं येतच नाहीं. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ मुलाकडे मुंबईस राहावयास गेले, आणि रात्रीं बंद खोलींत निजले असतां त्यांना ती एकाएकीं ऐकूं येऊं लागली. प्रथम त्यांना बरेंच वाटलें. पुढें झोप उडाली, वाचन सुटलें. आपणांस वेड तर लागत नाहीं ना, या भीतीनें ते कोणाशीं बोलेनासे झाले.

हा व्याधि आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. माधवनिदानांत त्या नादाला भेरी, मृदंग व शंख यांची उपमा दिली असून बांसरीसारख्या स्वराला कर्णक्ष्वेड असें वेगळें नांव आहे. इतका बारीक भेद करणाऱ्यांनीं रोग्याचें म्हणणें नीट ऐकून घेतलें असलें पाहिजे. आमच्या घरांतून मात्र ‘वयोमानानें कान वाजतात’ एवढ्यावर विषय संपतो! बाहेरचा आवाज हा आंतल्या आवाजावर उतारा ठरतो, हें पॅरिसचे डॉक्टर इतार यांनीं १८२१ सालच्या आपल्या कर्णरोगांवरील ग्रंथांत सांगितलें. पाणचक्कीपाशीं राहण्याचा उपायही त्यांनीं सुचविला. उतारवयांत अंतःकर्णांतील सूक्ष्म पेशी झिजतात, आणि नादाची ती उणीव मेंदू स्वतःच भरून काढतो, असें आज मानतात. नाद समूळ घालविणारें औषध नाहीं; श्रवणयंत्रानें मात्र पुष्कळांस आराम पडतो.

ते गृहस्थ मालवणास परतले. नाद गेलेला नाहीं. खिडकी उघडी ठेवून ते निजतात, आणि समुद्राचा आवाज कोणता व आपला कोणता, हें त्यांना ओळखूं येत नाहीं.