नेत्रभिंग विस्थापन आणि कृत्रिम भिंगारोपण

नेत्रभिंग विस्थापन म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग मूळ जागेवरून अंशतः किंवा पूर्णतः सरकणे होय. डोळ्याला मार लागल्यानेही भिंग सरकते. परंतु लहान वयात व दोन्ही डोळ्यांत असे आढळल्यास संयोजी ऊतकांच्या आनुवंशिक विकाराची शक्यता तपासली जाते. असे भिंग काढून कृत्रिम भिंग बसवता येते. मात्र ते पेलणारा आधारच दुर्बळ असल्यामुळे ही शस्त्रक्रिया नेहमीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेहून अवघड ठरते.

कारणे

भिंग हे बाहुलीच्या मागे अतिसूक्ष्म तंतूंनी टांगलेले असते. हे तंतू प्रामुख्याने फायब्रिलिन-१ या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या १५ व्या गुणसूत्रावरील जनुकात दोष असल्यास मार्फान सिंड्रोम होतो. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये अशा लक्षणांच्या एका मुलीचे वर्णन केले. जनुकीय दोषाचा उलगडा १९९१ मध्ये झाला. उंच बांधा, लांब हातपाय व निमुळती बोटे ही या विकाराची बाह्य लक्षणे होत. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. यात भिंग बहुधा वर सरकते, तर होमोसिस्टिन्युरिया या चयापचयाच्या विकारात ते बहुधा खाली सरकते.

लक्षणे व गुंतागुंत

अंधुक दिसणे, चष्म्याचा क्रमांक झपाट्याने बदलणे आणि एकाच डोळ्याने दोन प्रतिमा दिसणे ही प्रमुख लक्षणे आहेत. बालवयात प्रतिमा दीर्घकाळ अस्पष्ट राहिल्यास मेंदू त्या डोळ्याचा वापर टाळू लागतो. या अवस्थेला ‘आळशी डोळा’ म्हणतात. भिंग पुढे सरकून बाहुलीत अडकल्यास डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो.

उपचार

प्रारंभी चष्मा किंवा स्पर्शभिंग वापरले जाते. त्याने पुरेशी दृष्टी मिळत नसल्यास भिंग काढतात. कृत्रिम भिंगाचे पहिले आरोपण हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत असे भिंग नैसर्गिक भिंगाच्या रिकाम्या पिशवीत ठेवतात. तंतू दुर्बळ असल्यास ही पिशवीच डळमळीत होते. त्यामुळे पुढील पर्याय वापरले जातात :

• कडे : पिशवी शाबूत असल्यास तिच्यात ताण देणारे कडे बसवून ते श्वेतपटलाला टाके घालून बांधतात.
• परितारिकेला अडकवलेले भिंग : चिमट्यासारख्या टोकांचे हे भिंग नेदरलँड्सचे यान वर्स्ट यांनी विकसित केले. भारतात अमृतसरचे डॉ. दलजित सिंग यांनी त्याचा प्रसार केला.
• टाक्यांनी श्वेतपटलाला बांधलेले भिंग : बारीक धागा काही वर्षांनी तुटण्याचा धोका असल्याने तरुण रुग्णांत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.
• टाक्यांविना रोवलेले भिंग : भिंगाचे पाय श्वेतपटलातच रोवतात. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये त्यासाठी जैविक गोंदाची पद्धत वापरली. जपानचे शिन यामाने यांनी पायांची टोके उष्णतेने फुगवून अडकवण्याची पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध केली.

अतिलहान मुलांत आरोपण पुढे ढकलून चष्मा किंवा स्पर्शभिंग देण्याचा मार्गही स्वीकारला जातो. दृष्टिपटल सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही राहतो. म्हणून नियमित तपासणी आवश्यक असते.

निदानाचे महत्त्व

मार्फान सिंड्रोममध्ये महारोहिणी रुंदावून फाटण्याचा धोका असतो. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीतही तो असू शकतो. अनेकदा नेत्रतपासणीतच विकाराची पहिली शंका येते. त्यामुळे सरकलेले भिंग आढळताच हृदयाची इकोकार्डिओग्राफी व कुटुंबीयांची तपासणी सुचवली जाते. होमोसिस्टिन्युरियात भूल देताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असल्याने त्याचे निदान शस्त्रक्रियेपूर्वीच होणे इष्ट असते.

वर्धा जिल्ह्यातील सुविधा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी होते; तीत दृष्टिदोष व जन्मजात हृदयविकार यांचाही समावेश आहे. सेलू तालुक्यातील केळझरसारख्या गावांतील मुलांना पुढील तपासणीसाठी जिल्ह्यातच सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे (स्थापना १९६९) कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उपलब्ध आहे.