‘ढ’ ठरलेल्या मुलांची हकीकत

शाळेंत मागें पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रांत जुनी आहे. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचें रूप फारसें पालटलें नाहीं. म्हणून ज्याच्यांत सुधारणा होत नाहीं तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ति सांगतात. परंतु हें विशेषण ज्यांना चिकटलें, त्यांतील कित्येकांची बुद्धि मंद नव्हतीच.

सन १८९६ मध्यें इंग्लंडांतील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानें ७४९ ला ८६७ नें झरझर व बिनचूक गुणिलें. पण स्वतःचें नांव लिहितांना त्याचीं अक्षरें मागेंपुढें होत. सारें शिक्षण तोंडी असतें, तर हाच शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरता, असें त्याच्या मास्तरांचें मत होतें. डोळ्यांत दोष नव्हता. मॉर्गन यांनीं या स्थितीस ‘जन्मजात शब्दांधता’ म्हटलें. अध्ययन-अक्षमतेचा हा प्रकार आज डिस्लेक्सिया या नांवानें ओळखतात.

वाचन ही मानवाची सुमारें पांच हजार वर्षांची विद्या. बोलण्यासारखी ती सहज येत नाहीं. दिसणारें अक्षर व ऐकलेला ध्वनि यांचा सांधा मेंदूला अभ्यासानें जुळवावा लागतो. मेंदूचें कार्य दाखविणारीं यंत्रें आल्यावर असें आढळलें कीं, वाचतांना अशा मुलांच्या डाव्या मेंदूचा मागील भाग सामान्यतः कमी जागृत होतो. हा दोष आळसाचा नाहीं. तथापि निदान अजूनहि यंत्रानें होत नाहीं. बुद्धिमापन आणि वाचन, लेखन व गणित यांच्या चांचण्या घेऊनच तें करितात.

मॉर्गन यांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९९६ मध्यें, महाराष्ट्र शासनानें अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेंत वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी आणि कांहीं विषयांना पर्याय या सवलती दिल्या. मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्रें मिळूं लागलीं. २०१५ मध्यें मानेसरच्या राष्ट्रीय मेंदु-संशोधन केंद्रानें मराठीसह भारतीय भाषांतील चांचण्या सिद्ध केल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें या अक्षमतेस मान्यता दिली.

परंतु कायदा मुलाला शोधीत येत नाहीं. नाशिकच्या सातपूरसारख्या कामगारवस्तींत तोंडी चटपटीत उत्तरें देणारें मूल जोडाक्षरापाशीं वर्षानुवर्षें अडत असेल, तर तें प्रथम दिसतें वर्गशिक्षकाला. त्यानें तपासणीची वाट दाखविली तर सवलत पदरांत पडते. ‘ढ’ म्हणून मागील बांकावर बसविलें, तर १८९६ सालापासूनचें सारें ज्ञान त्या मुलापुरतें व्यर्थ ठरतें.