एमपीसी आणि बाह्य ध्वनिउपकरणे

एमपीसी ही अकाई या जपानी नाममुद्रेखाली १९८८ पासून निघालेल्या संगीतयंत्रांची मालिका होय. ध्वनीचे लहान तुकडे (सॅम्पल) मुद्रित करून ते सोळा रबरी पॅडांवर बोटांनी वाजविणे आणि वाजविलेले सर्व क्रमाने नोंदवून ठेवणे, ही या यंत्राची दोन मुख्य कामे आहेत. संगणकाशिवाय चालणारी एमपीसी सिंथेसायझर, ड्रम मशीन, रेकॉर्ड प्लेयर, मायक्रोफोन इत्यादी साधनांना जोडून कशी वापरतात, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

अशा जोडणीत तीन वेगवेगळ्या गोष्टींची देवाणघेवाण होते: सूचना, काळ आणि ध्वनी. कोणती केबल यांपैकी काय वाहून नेते, हे ध्यानात न घेतल्यामुळेच नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी उद्भवतात. मिडी केबल जोडूनही काही ऐकू येत नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजणे, ही त्यांतील सर्वांत सामान्य चूक होय.

== पार्श्वभूमी ==

एमपीसीचे मूळ अभिकल्पक रॉजर लिन हे अमेरिकन अभियंते आहेत. त्यांचे एलएम-१ हे ड्रम मशीन १९८० मध्ये बाजारात आले. खऱ्या तालवाद्यांचे अंकीय ध्वनिमुद्रण वापरणारे ते पहिले ड्रम मशीन मानले जाते. लिन यांची कंपनी १९८६ मध्ये बंद पडली; त्यानंतर त्यांनी अकाईसाठी एमपीसी ६० तयार केले. त्याची सॅम्पल-स्मृती मूळ स्वरूपात अवघ्या १३.१ सेकंदांची होती, तरीही त्याला मिडीचे दोन प्रवेशमार्ग व चार निर्गममार्ग होते. एमपीसी या आद्याक्षरांचा मूळ विस्तारही 'मिडी प्रॉडक्शन सेंटर' असाच होता. 'म्युझिक प्रॉडक्शन सेंटर' हे रूप नंतरचे. म्हणजे इतर वाद्ये चालविणे ही या यंत्राला मागाहून चिकटविलेली सोय नसून त्याच्या मूळ कल्पनेचाच तो भाग आहे.

१९९४ मध्ये एमपीसी ३००० आले. हिप-हॉप संगीतकार जे डिला यांनी वापरलेले या प्रकारचे यंत्र आज वॉशिंग्टन येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २०१२ मधील रेनेसाँ व स्टुडिओ ही प्रारूपे संगणकावर अवलंबून होती. २०१७ मध्ये एमपीसी एक्स व एमपीसी लाइव्ह यांच्या रूपाने स्वतंत्र यंत्र परत आले आणि २०२० मध्ये त्यांत एमपीसी वन या आटोपशीर प्रारूपाची भर पडली. मराठी वाद्यवृंदांतील ऑक्टापॅडशी एमपीसीचे बाह्यतः साम्य दिसते. परंतु ऑक्टापॅड काठीने वाजविण्याचे वाद्य आहे, तर एमपीसी हे वाद्य, ध्वनिमुद्रक आणि वाद्यवृंदाचा चालक अशा तिन्ही भूमिका पार पाडते.

== सूचना: मिडी ==

मिडी हा १९८३ पासून प्रचारात आलेला संकेत आहे. मिडी केबलमधून आवाज जात नाही. कोणता स्वर, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला, एवढाच निरोप जातो. तो निरोप मिळाल्यावर सिंथेसायझर आपला आवाज आपल्याच निर्गममार्गातून बाहेर टाकतो. तो ऐकायचा तर दुसरी, ध्वनी वाहणारी केबल सिंथेसायझरपासून एमपीसीच्या वा मिक्सरच्या प्रवेशमार्गापर्यंत न्यावी लागते. एका वाद्यासाठी दोन प्रकारच्या केबली लागतात, हे एकदा समजले की निम्मे काम झाले.

एका मिडी केबलवर सोळा चॅनेल असतात. एमपीसीवरील ट्रॅकचा चॅनेल आणि वाद्याचा चॅनेल एकच हवा. अन्यथा निरोप पोहोचूनही वाद्य गप्प राहते. एमपीसी वनला मिडीचा एकच निर्गममार्ग असल्याने अनेक वाद्ये जोडताना पहिल्या वाद्याच्या 'थ्रू' मार्गातून पुढच्या वाद्याकडे साखळी न्यावी लागते.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका आहे. एक स्वर सुरू करण्याच्या निरोपास त्यामुळे सुमारे एक मिलिसेकंद लागतो आणि निरोप एकामागून एकच जातात. दहा स्वर 'एकाच वेळी' दाबले, तरी पहिल्या व शेवटच्या स्वरात जवळजवळ नऊ मिलिसेकंदांचे अंतर पडते. एरवी ते जाणवत नाही. पण तालवाद्याचा ठोका दाट स्वरसमूहाच्या मागे अडकला तर जाणकार कानाला तो किंचित मागे पडलेला वाटतो. म्हणून तालवाद्यांसाठी शक्य असल्यास स्वतंत्र मिडी मार्ग राखून ठेवतात.

कळफलक असलेला सिंथेसायझर दोन्ही दिशांनी जोडला असता प्रत्येक स्वर दोनदा वाजू लागतो: एकदा कळ दाबल्यामुळे आणि एकदा एमपीसीने तोच निरोप परत पाठविल्यामुळे. अशा वेळी वाद्यावरील 'लोकल' ही सोय बंद करणे हा खरा उपाय आहे. आवाज कमी करून हा दोष झाकता येत नाही.

आकाराने लहान असलेल्या काही उपकरणांवर पाच पिनांच्या गोल खोबणीऐवजी ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो. त्यातील तारांची जोडणी पूर्वी दोन प्रकारे होत असे. २०१८ मध्ये त्यांपैकी 'ए' हा प्रकार प्रमाण ठरला. जुने उपकरण 'बी' प्रकारचे असल्यास केबल बसते, मात्र निरोप पोहोचत नाही.

== काळ: क्लॉक ==

बाह्य ड्रम मशीन स्वतःचा ताल स्वतःच वाजवीत असेल, तर त्याला स्वरांचे निरोप नकोत, लय हवी. त्यासाठी एमपीसी दर मात्रेला २४ स्पंद पाठविते, शिवाय 'सुरू' व 'थांब' हे संदेशही देते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे सेकंदाला ४८ स्पंद होतात. ढोल-ताशा पथकात ताशा लय धरतो आणि ढोल त्याच्या इशाऱ्यावर चालतात, तसेच हे नाते आहे. पथकात दोन ताशे दोन लयी धरू लागले तर जे होईल तेच येथेही होते. म्हणून जोडणीत लय देणारे यंत्र एकच ठेवावे व इतरांना बाह्य क्लॉकवर टाकावे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एमपीसीची ख्याती ज्या 'स्विंग'मुळे झाली, त्यात मात्रेच्या चार भागांपैकी दुसरा व चौथा भाग किंचित उशिरा वाजतो. हे प्रमाण ५० टक्के (सरळ) ते ७५ टक्के असे ठेवता येते. ६६ टक्क्यांच्या आसपास चाल तिस्र जातीची वाटू लागते. परंतु क्लॉकचे स्पंद नेहमी समान अंतरावरच असतात. एमपीसीने स्वर पाठवून वाजविलेला सिंथेसायझर तिच्याबरोबर डोलतो. केवळ क्लॉकवर चालणारे ड्रम मशीन मात्र सरळच चालत राहते आणि दोघांचे ठोके एकमेकांवर आदळतात. तेथे ड्रम मशीनवर तितकाच स्विंग वेगळा लावावा, किंवा त्याचे स्वरही एमपीसीकडूनच वाजवून घ्यावेत. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे.

एक्स, वन व लाइव्ह २ या प्रारूपांना विद्युत्दाबाने चालणाऱ्या मॉड्युलर सिंथेसायझरांसाठीही निर्गममार्ग आहेत. प्रचलित पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. कोर्ग एमएस-२० सारख्या जुन्या वाद्यांची पद्धत वेगळी असल्याने ती थेट जोडल्यास बेसूर वाजतात.

== ध्वनी: पातळी आणि घरघर ==

स्टुडिओतील व्यावसायिक साधनांची प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती साधनांची ०.३२ व्होल्ट असते. म्हणजे जवळपास चौपट फरक. मायक्रोफोन व रेकॉर्ड प्लेयर यांचा संकेत तर काही मिलिव्होल्टांचाच असतो. रेकॉर्ड प्लेयरला केवळ वर्धन पुरत नाही. तबकडी कापताना खर्ज कमी आणि तार स्वर अधिक केलेले असतात; ते पूर्ववत करणारे मंडल लागते. एक्स व लाइव्ह यांत ते अंतर्भूत असून अर्थिंगची तार जोडण्यास स्क्रूही आहे. वनमध्ये ही सोय नाही. ढोलकी वा हार्मोनिअमचा तुकडा मायक्रोफोनने घ्यावयाचा असेल, तर वनच्या आधी लहान मिक्सर वा प्रीअँप्लिफायर हवाच. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टही त्याच्याकडूनच मिळतात. मुद्रण करताना सर्वांत मोठा ठोका कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली ठेवणे सुरक्षित असते. अंकीय मुद्रणात मर्यादा ओलांडलेला आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सदोष जोडणीतून येणारी घरघर ५० वा १०० हर्ट्झची असते. दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी अर्थ झाली की हे होते. मिडीच्या गोल खोबणीमागे प्रकाशाच्या साहाय्याने संकेत पलीकडे नेणारा भाग असल्याने तेथून ही घरघर येत नाही. यूएसबीमधून मात्र येऊ शकते. सर्व उपकरणे एकाच विस्तारफळीवर लावणे, संतुलित केबली वापरणे आणि यूएसबीऐवजी मिडी केबल जोडून पाहणे, या क्रमाने शोध घ्यावा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय अनेक जण सांगतात. त्याने घरघर थांबतेही. पण उपकरणाच्या धातूच्या पेटीत वीज उतरल्यास ती वाहून नेण्याचा मार्गच उरत नाही. हा उपाय जिवावर बेतू शकतो. तो कधीही करू नये.

लाइव्ह व एक्स यांना अधिक निर्गममार्ग असल्याने एखादा ट्रॅक बाहेरच्या प्रतिध्वनियंत्रात पाठवून परत घेता येतो. परतलेला ध्वनी ज्या ट्रॅकवर येतो, तो पुन्हा त्याच निर्गममार्गावर सोडू नये. तसे झाल्यास ध्वनी चक्रात सापडून क्षणात कर्कश किंकाळी निघते.

== जतन ==

एमपीसीत जतन केलेल्या कामात बाह्य वाद्याच्या वाट्याला येतात त्या केवळ सूचना. ज्या ॲनालॉग सिंथेसायझरला स्मृती नसते, त्याच्या बटणांची स्थिती कोठेही नोंदली जात नाही. वाद्य विकले वा बिघडले तर स्वरलिपी उरते, नाद उरत नाही. म्हणून रचना पक्की होताच प्रत्येक बाह्य वाद्य ऑडिओ ट्रॅकवर मुद्रित करून घेतात. मिडी ट्रॅक पुसून न टाकता नुसता मुका करतात, म्हणजे पुढे दुसऱ्या वाद्यावर तीच रचना वाजविता येते. मुद्रण करताना बाह्य वाद्याचा आवाज एमपीसीतून ऐकावा किंवा थेट मिक्सरवरून. दोन्ही मार्ग एकदम उघडे ठेवल्यास रूपांतरास लागणाऱ्या काही मिलिसेकंदांमुळे आवाज पोकळ वा दुहेरी ऐकू येतो.