मदत बेटावरच राहणारी हवी

मुळशी तालुक्यात मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इथला इतिहास म्हटला की १९२१ चा सत्याग्रह आठवतो. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत मावळे शेतकरी उभे राहिले. तरी धरण झालेच. वीज मुंबईला गेली, गावे पाण्याखाली गेली. जी माणसे काठावर राहिली, त्यांचा विचार मात्र कमी होतो. समोर दिसणाऱ्या गावाला जायचे तरी जलाशयाला वळसा. जमिनीवर राहूनही ही एक प्रकारची बेटेच.

खऱ्या बेटांवर राहणाऱ्यांनी यावर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये फिजीला विन्स्टन चक्रीवादळाने झोडपले. बाहेरून वैद्यकीय पथके आली, पण आपले स्वतःचे पथक हवे, हा धडा फिजीने घेतला. डॉक्टर, परिचारिका, सामानसुमान सांभाळणारे, सगळे एरवी आपापल्या नोकरीत. हाक आली की निघायचे. तंबू, औषधे, पाणी, जेवण सोबत, म्हणजे संकटातल्या गावावर पाहुण्यांचा भार नको. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पथकाला मान्यता दिली.

शेजारच्या टोंगाची परीक्षा अधिक कठीण होती. १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्सुनामी आली, जगाशी जोडणारी केबल तुटली. कोविडमुळे बाहेरच्यांना दारे बंद. तेव्हा टोंगाचेच पथक बोटीने नोमुका बेटावर गेले. तिथले आरोग्य केंद्र लाटेने नेले होते. पथकाने तंबूत दवाखाना मांडला. लाखभर वस्तीच्या देशाने हे केले, कारण तयारी आधीच झालेली होती.

आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. रुग्णवाहिका आणि सोबत डॉक्टर, ही छोटी गोष्ट नाही. पण पावसाळ्यात ताम्हिणीच्या वाटेवर दरड आली, तर गाडी काय करणार? भातखाचरात साप चावलेल्या माणसाला तोवर कोण सांभाळणार? चावलेली जागा कापू नये, दोरीने आवळू नये, हातपाय हलू देऊ नयेत, एवढे तरी शेजाऱ्याला माहीत हवे.

म्हणून प्रत्येक वाडीत चार-पाच जणांना रक्तस्राव थांबवण्याची, छाती दाबून श्वास देण्याची, रुग्ण नीट उचलून नेण्याची तालीम मिळायला हवी. आशाताई आहेतच, त्यांच्या जोडीला मशिदीतले, देवळातले, तरुण मंडळातले हात हवेत. हे काम पावसाच्या आधीच व्हायला हवे.