गाजर गवत आणि गव्हावरचा आळ

गाजर गवत अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं, असं आपण सगळेच सांगतो. आता तारखा पाहू. पुण्यात ते दिसलं १९५५च्या सुमारास. गव्हाचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीत त्याचं नाव आहेच! गव्हाने ते पसरवलं असेल, पण पहिलं आगमन त्याच्या माथी मारता येत नाही.

या वादात आपण खुरपणाऱ्या बायकांना विसरतो. याच्या स्पर्शाने कातडीवर चट्टे उठतात, वर्षानुवर्षं खाज सुटते. १९८४ साली बंगळूरला मेक्सिकन भुंगेरे सोडले. ते पानं खातात, पण पावसाळ्यापुरतेच. घरच्या हिरवळीत मात्र फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, ओल्या मातीतून मुळासकट उपटायचं.